डॉक्टरांना मी सांगितलेला अशक्तपणा

माझ्या पत्नीचे पहिले दोन गर्भ तिसऱ्या महिन्यात गेले. दोन्ही वेळी तालुक्याच्या डॉक्टरांकडे मी गेलो होतो. ती गेली नव्हती. तशी रीत होती. घरातल्या बाईचे दुखणे पुरुषाने दवाखान्यात जाऊन सांगायचे, कंपाउंडरने आपण नेलेल्या बाटलीत लाल औषध भरून द्यायचे आणि ते घेऊन घरी परतायचे. त्या डॉक्टरांनी तिला पाहिले नाही, पाहण्याची इच्छाही दाखवली नाही. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तो राग सोयीचा आहे, हेही मला कळते.

कारण त्यांनी विचारले होते, "काय होतंय?" आणि मी म्हणालो होतो, "अशक्तपणा आहे."

मी जामखेड तालुक्यात शिक्षक होतो. तिने आदल्या दिवशी मला स्पष्ट सांगितले होते की रक्ताचे डाग पडत आहेत. दवाखान्याच्या ओट्यावर ओळखीची चार माणसे बसली होती. त्यांच्यादेखत ते शब्द माझ्या तोंडून निघेनात. दुसऱ्या खेपेला ओटा रिकामा होता. तेव्हाही मी अशक्तपणाच सांगितला.

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा ती म्हणाली, "आता नगरला जायचं. मी येनार. आन् तिथं तुमी बोलायचं न्हाई."

युद्धाची वर्षे होती. मोटार कोळशाच्या गॅसवर चाले आणि चढ आला की उतारूंना खाली उतरून मागून रेटावे लागे. तिला मी उतरू दिले नाही. रेटणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "मास्तर, राणीसाहेब बसूनच का?" मी मोटारीला खांदा लावला. उत्तर देण्यासारखे पुष्कळ होते.

नगरचे डॉक्टर वयस्क होते. माझे नाव, नोकरी लिहून घेऊन त्यांनी काय होतंय ते विचारले आणि मी तोंड उघडले, तेव्हा त्यांनी हाताने मला थांबवले.

"मास्तर, गर्भार कोण आहे? बाई, तुम्ही सांगा."

तिने सांगितले. खाली पाहून, पण एकही गोष्ट न वगळता. आधीच्या दोन्ही खेपांना डाग केव्हा सुरू झाले, रंग कसा, आठ दिवस कसे गेले, पोटात कळ केव्हा आली. त्यातले निम्मे मी प्रथमच ऐकत होतो.

"डाग दिसल्यावर औषध घेतलंत?"

"व्हय. लाल औषद. यांनी आनलं."

"ते कशावरचं होतं?" हा प्रश्न मला होता.

"शक्तीचं," मी म्हणालो.

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. "वर्गात पोरगं एवढं चुकलं तर काय करता तुम्ही?"

"छडी देतो."

"बरोबर करता," ते म्हणाले आणि पुन्हा तिच्याकडे वळले.

गर्भ धरून ठेवणारा एक रस बाईच्या अंडाशयातून रक्तात उतरतो, असे त्यांनी तिला समजावले. त्याला प्रोजेस्टेरॉन म्हणतात. तो कमी पडला तर गर्भ सुटू शकतो. "तुमच्या बाबतीत तो कमी पडत असावा. असावा, असं म्हणतोय मी. मोजायची सोय माझ्याकडे नाही."

"मंग कळनार कसं?"

"खात्रीनं नाही कळणार. त्याची तेलातली इंजेक्शनं येतात, ती देऊन पाहू. लढाईमुळं मुंबईहून मिळतील तेव्हा खरी. आणि पुष्कळदा गर्भातच दोष असतो, मग कशानंही टिकत नाही. टिकेलच असं वचन मी देत नाही."

"वचन नगंच," ती म्हणाली. मग तिने विचारले, "आदीची दोन माज्यामुळं गेली का? मी घागर घिऊन हिरीवर जायची म्हनून?"

"नाही. घागरीनं गर्भ जात नसतो. कुणी सांगितलं तुम्हाला?"

दुसरा गर्भ गेला त्या आठवड्यात, जेवता जेवता, मी तिला म्हणालो होतो, "आई नको म्हणत असताना विहिरीवर गेलीस. आता भोग." तिने माझ्या ताटात भाकरी वाढली होती. डॉक्टरांच्या खोलीत मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो.

"लोकं म्हंत्यात," ती म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना कळले असावे. त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरे झाले असते. त्यांनी सुई उकळायला सांगितली.

ती नगरला मावशीकडे राहिली. चौथा महिना सरेपर्यंत इंजेक्शने कधी मिळाली, कधी नाही. सुरुवात केल्यापासून पाचव्या आठवड्यात इंजेक्शनांत खंड पडला, तेव्हा एकदा डाग दिसला. ती स्वतः दवाखान्यात जाऊन सांगून आली. मी पुढच्या शनिवारी नगरला गेलो तेव्हा मला ते कळले. योग्यच झाले. मुलगी पूर्ण दिवसांची झाली. सुईने टिकली की आपली आपण टिकली, हे मला सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. एवढे प्रामाणिक बोलणारा डॉक्टर मी नंतर फारसा पाहिला नाही.

घागरीविषयी ते जे म्हणाले ते मी गावी येऊन आईला सांगितले. आई म्हणाली, "मंग गेली कशानं?" मला ठाऊक नाही, असे मी म्हणालो. ते खरे होते. तालुक्याच्या दवाखान्यात मी काय सांगितले होते ते तिला सांगितले नाही.

पत्नीची क्षमा मी कधीच मागितली नाही. त्या काळी नवरे बायकांची क्षमा मागत नसत, हे कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षे दिले. ते खोटे आहे. आमच्या शेजारचा तांबोळी सकाळी बायकोशी भांडे आणि संध्याकाळी तिची माफी मागे, तीही सबंध गल्लीला ऐकू जाईल अशी. मी ओट्यावर वह्या तपासत ते ऐकत असे.