फणसाची गिटार सौंदडला

कुडाळ स्टेशनवर मी गाडीच्या वेळेआधी दीड तास जाऊन बसलो होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. माझ्या मांडीवर दादाने स्वतःच्या हाताने बनवलेली गिटार होती, आणि ती माझ्या मांडीवर आहे हे दादाला माहीत नव्हतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आयुष्यभर त्याने लोकांची दारं-खिडक्या केली आणि पन्नाशीत त्याच्या डोक्यात गिटार शिरली. वीणा फणसाच्या लाकडाची होते, मग गिटार का होऊ नये, असं त्याचं म्हणणं. दोन वर्षं खपून त्याने एक केली. पाठ आणि बाजू परसातल्या फणसाच्या, पोट (वरची पातळ फळी) देवदाराचं. दुसरी करायला घेणार, तोच आजारपणात त्याचा डावा हात आखडला. म्हणजे पहिली तीच शेवटची. गेली आठ वर्षं ती त्याच्या खोलीत खुंटीला आहे. मला ती वर्षातून दोनदा वाजवायला मिळते, गणपतीत आणि दसऱ्याला, तीही त्याच्या समोर बसून. तेवढा वेळ तो गाणं ऐकत नाही, गिटारीवर नजर ठेवून असतो.

यंदा मे महिन्यात दादा-वहिनी मुंबईला लेकीकडे गेले आणि इकडे मनोहरच्या मुलीची लग्नपत्रिका आली. मनोहर आमच्या शाळेत अकरा वर्षं माझ्याबरोबर शिक्षक होता. विदर्भातले पुष्कळ मास्तर कोकणात नोकरीला येतात आणि बदलीची वाट बघता बघता मासे खायला शिकतात. मनोहरला शेवटी बदली मिळाली आणि तो गोंदिया जिल्ह्यात, आपल्या सौंदडला परत गेला. त्याची प्रणाली आमच्या ओटीवर बसून गाणं शिकली. तिने फोन केला. "काका, माझ्या लग्नात मीच गाणार आहे. तुम्ही वाजवायचं, दादाकाकांच्या गिटारीवर."

मी हो म्हणून बसलो. दादाला फोनवर विचारता आलं असतं. तो नाही म्हणाला नसता, पण त्याचा आवाज एकदम बारीक झाला असता आणि तो मला ऐकायचा नव्हता. लग्न रविवारी. दादा बुधवारी परतणार, मी मंगळवारी. गिटार पुन्हा खुंटीला, कुणाला पत्ता नाही.

एक खबरदारी मात्र मी घेतली. आमच्याकडे पावसाळ्यात चपलांना बुरशी येते, पुस्तकांना येते, कपाटातल्या कोटाला येते. दमट हवा हा वाद्याचा वैरी, हे लहानपणापासून ऐकलेलं. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या असतात ना, तसल्या वीस-पंचवीस पुड्या ओळखीच्या दुकानदाराकडून आणून मी गिटारीच्या पेटीत भरल्या. स्वतःच्या शहाणपणावर खूश होऊन मुंबईत गाडी बदलली आणि गुरुवारी सकाळी गोंदियाला उतरलो.

सकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन आमच्या दुपारचं होतं. फलाटावर माणसं डोकं, कान, तोंड सगळं दुपट्ट्यात गुंडाळून फिरत होती, नुसते डोळे दिसत होते. गाडीला अवकाश होता म्हणून स्टेशनबाहेर पोहे घेतले. त्यावर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात. एक रिक्षावाला माझ्या पेटीकडे बघत म्हणाला, "सितार है क्या, गुरुजी?" गिटार आहे म्हटल्यावर म्हणाला, "एक ही बात है. धूप में मत रखना." मी हसलो. ऊन म्हणजे चांगलंच की, असं मला वाटत होतं.

सौंदडला जाणारी गाडी भाताच्या मुलखातून जाते. पण मे महिन्यात तो भात मनाने बघावा लागतो. बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं) भेगाळून पडलेल्या, मधूनच एखादी बोडी (लहान तळं), तिच्यात कमरेइतक्या पाण्यात बसलेल्या म्हशी. मला त्या म्हशींचा हेवा वाटला. कुठे कुठे उन्हाळी धान उभं होतं, तेवढाच हिरवा रंग. मोहाच्या झाडांना मात्र नवी पालवी होती.

मनोहर स्टेशनवर आला होता. अकरा वर्षं कोकणात माझ्याशी पुस्तकी मराठी बोलणारा हा माणूस स्वतःच्या गावात पाऊल टाकल्याबरोबर वेगळंच बोलत होता. "सर, किती वाळून गेले तुमी! या, घरी समदे वाट पाहून राहिले." घरी मांडव पडला होता. पंचशीलाचा झेंडा, दारात बायका, प्रत्येकीचा जयभीम. जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि कैरीचं पन्हं. ही लाखोळी धान कापायच्या आधी त्याच चिखलात पेरतात, असं मनोहरच्या आईने सांगितलं. मी तीनदा भात घेतला तेव्हा म्हातारी माझ्यावर प्रसन्न झाली.

पुढच्या खोलीत भला मोठा कुलर होता. ओल्या वाळ्यातून थंडगार, दमट हवा येत होती. मी मनोहरला म्हटलं, गिटार इथे नको. मग आम्ही ती पेटी मागच्या कोरड्या खोलीत, धानाच्या पोत्यांवर ठेवली आणि वर पत्र्याचं छप्पर आहे याचंही मला समाधान वाटलं. हात दाखवून अवलक्षण यापेक्षा वेगळं काय असतं?

शुक्रवारी सकाळी प्रणाली म्हणाली, काका, एकदा सूर बघून घेऊ. पेटी उघडली. तारा अडकवतात त्या घोडीपासून खालच्या कडेपर्यंत पोटाला वीतभर लांब चीर गेली होती. नख आत जाईल एवढी रुंद. मी तिथेच पोत्यावर बसलो. मला दादाचा आखडलेला हात दिसायला लागला. बाजारातून दुसरी गिटार आणता येईल, पण दादाला आता दुसरी करता येणार नव्हती. प्रणाली रडायला लागली, तिला वाटलं आपल्या हट्टापायी झालं. मी तिला समजावण्याच्या अवस्थेत नव्हतो हे कबूल करतो.

मनोहरने कपाळावर आठी न आणता मोटारसायकल काढली. "कोहमाऱ्याले शालिकभाऊ हायेत. भीमगीतांच्या पार्ट्यांचे बेंजो (बटणांचं तारवाद्य) तेच दुरुस्त करतेत. चला." माझ्या डोक्याला दुपट्टा बांधला, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा घातला आणि पेटी माझ्या पाठीशी बांधून आम्ही निघालो. वारा भट्टीचं दार उघडल्यासारखा तोंडावर येत होता.

कोहमारा म्हणजे हमरस्त्यावरचा फाटा. ट्रकांच्या रांगा, ढाबे, टायरवाले. त्यांच्यामागे एका कौलारू घरात शालिकभाऊ राहतात. मूळचे सुतार. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू झाला की या भागातल्या मंडळ्यांची वाद्यं त्यांच्याकडे येतात, उन्हाळ्यात मोकळे असतात. पडवीत त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई सुपात तेंदूची पानं घेऊन बिड्या वळत होत्या. बोटं इतकी भराभर चालत होती की मी क्षणभर गिटार विसरलो.

शालिकभाऊंनी पेटी उघडली. चीर पाहिली नाही, आधी त्या पुड्या पाहिल्या. एक उचलून वास घेतला.

"हे कायले ठेवलं?"

"ओल धरू नये म्हणून."

"कोनती ओल?" त्यांनी अंगणाकडे बोट केलं. अंगणात कुत्रं जीभ काढून पडलं होतं. "गिटार कुठची हाये?"

"कोकणातली. समुद्र आमच्यापासून दोन कोसांवर."

"मंग समुद्राकडचं लाकूड तुमी आमच्या मे महिन्यात आनलं, अन् वरतून त्याचं उरलंसुरलं पानी पुड्यांले पाजलं. फाटंन नाई तं काय करंन?"

पंचवीस वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवत आलोय, आणि एवढं मला सुचलं नव्हतं. मग म्हटलं, आता चीर चिकटवून द्या, रविवारी संध्याकाळी लग्न आहे. ते मान हलवत म्हणाले, "आज नाई चिकटवत. आज भेग भरून टाकली तं तुमच्या पावसात लाकूड फुगंन अन् दुसरीकडून फाटंन. आदी हिले पानी पेऊ द्या. भेग आपल्या मनानं मिटली तं मंग सरस (सुतारांचा गोंद) लावीन."

"आणि नाही मिटली तर?"

"मंग पाहू. आत्ताच काऊन रडून राहिले?"

त्यांनी तारा सैल केल्या. साबणाच्या एका प्लास्टिकच्या डबीला गरम खिळ्याने भोकं पाडली, आत ओला कपडा पिळून ठेवला आणि ती डबी गिटारीच्या मधल्या भोकातून तारांना बांधून पोटात लोंबती सोडली. मग गिटार घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, रांजणांच्या ओळीमागे उभी केली. पुड्या त्यांनी आपल्या पटाशीच्या खोक्यात टाकल्या, हत्यारांना गंज लागणार नाही म्हणून. रिकाम्या हाताने मी सौंदडला परतलो. त्या दिवशी हळदीचं जेवण होतं आणि मला पानात काय वाढलंय हे कळत नव्हतं. मनोहरच्या आईने दोनदा विचारलं, गुरुजीची तब्येत बरी नाई का?

शनिवारी सकाळी आम्ही पुन्हा कोहमाऱ्याला. शालिकभाऊंनी गिटार उन्हाकडे धरली. "पाहा."

मी चष्मा पुसला. काल जिथे नख जात होतं तिथे केसाएवढी रेघ उरली होती. लाकूड आपणहून जवळ आलं होतं. मी मनोहरचा खांदा इतका घट्ट धरला की तो ओरडला.

शालिकभाऊंनी पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून सरस पातळ केला. अंगठ्याने रेघेवर चोळला, खालीवर दाबून आत मुरवला. आता आतून एक पातळ लाकडी ठिगळ लावायचं होतं, म्हणजे चीर पुन्हा पसरत नाही. त्यांचा पंजा माझ्या दुप्पट. मी भोकाकडे आणि त्यांच्या हाताकडे बघतोय हे त्यांनी ओळखलं असावं.

"आतलं काम माझं नोहे," ते म्हणाले आणि पडवीकडे बघून हाक मारली, "अवो, ये वं."

सुलोचनाबाईंनी सूप बाजूला ठेवलं, हात स्वच्छ धुतले, कोपरापर्यंतच्या बांगड्या काढून खुंटीला अडकवल्या. डोळे मिटून त्यांनी हात आत घातला. नवरा बाहेरून टिचकी मारत जायचा, "इथं," आणि त्या आतून बोट लावून म्हणायच्या, "इथं नाई, जरासं खाली. इथं पोकळ लागते." ठिगळ बसलं. मग बांबूची बोटभर कमची वाकवून त्यांनी ती पाठ आणि पोट यांच्या मध्ये अडकवली. कमची सरळ व्हायला बघते आणि ठिगळाला दाबून धरते. बिडी वळणाऱ्या बोटांना दोरा केवढा ओढायचा हे जसं कळतं, तसंच दाब किती हवा हेही कळत असणार.

"कधीपासून करता?" मी विचारलं.

"लग्न झालं तवापासून. हेइचा हात कधी आत गेलाच नाई." आणि त्या पुन्हा बिड्यांकडे गेल्या.

रविवारी सकाळी कमची निघाली, तारा चढल्या. शालिकभाऊंनी एकच अट घातली: दोन सूर खाली लावून वाजवायची, एवढ्यात ताण नको. प्रणालीने तोंड वाकडं केलं नाही, ती खालच्या सुरात गायली. वंदना झाली, नवरानवरीने फुलं वाहिली, आणि मांडवात ती पोरगी गायला लागली तेव्हा मी सबंध वेळ गिटारीच्या पोटाकडे बघत होतो. तिसऱ्या कडव्याला मान वर केली तर समोर शालिकभाऊ आणि सुलोचनाबाई बसलेले. त्याही गिटारीच्या पोटाकडेच बघत होत्या. माझ्याबरोबर आणखी कुणीतरी नजर ठेवून आहे हे दिसलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. जेवणात मग मी काय काय खाल्लं ते लिहीत नाही, लोक नावं ठेवतील.

परतीच्या प्रवासात पेटीत पुड्या नव्हत्या, साबणाची डबी होती. मंगळवारी घरी पोहोचलो, गिटार पुसली आणि खुंटीला लावली. रेघ दिसत होती, पण आपणच शोधली तर. बुधवारी दादा आला. चहा घेतला, खोलीत गेला. मी बाहेर वर्तमानपत्र धरून बसलो. टिचकीचा आवाज आला. मग दुसरी. मग हाक.

दादा खाटेवर बसला होता, गिटार मांडीवर. तारा सैल करून त्याने उजवा हात भोकातून आत घातला आणि चाचपलं.

"ह्यां काम कोणी केल्यान?" त्याने विचारलं.

मी सगळं सांगितलं. न विचारता नेल्याचं, पुड्यांचं, चिरेचं, सुलोचनाबाईंचं. मध्ये कुठे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं. तो पुन्हा चाचपत राहिला.

"हात बरो आसा तिचो," तो म्हणाला.

मला वाटलं आता आवाज बारीक होणार. पण दादाने गिटार उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"फुटतली, फुटतली म्हणान आठ वर्सां मोकळ्या मनान कोणाक हात लावूक दिलंय नाय. रात्री उठान बघी होतंय. आता फुटली, आणि जुळलीय. माझो भार गेलो." त्याने पाय वर घेतले आणि भिंतीला पाठ टेकली. "वाजव. आज मी ऐकतंय."

मी सौंदडला जाताना माझ्या भीतीचं ओझं घेऊन गेलो होतो. दादाच्या खोलीत माझ्यापेक्षा मोठं ओझं आठ वर्षं खुंटीला टांगलेलं आहे, हे मला दोन दिवसांच्या प्रवासाने आणि एका चिरेने कळलं. मी तारा पुन्हा सुरात लावल्या आणि वाजवायला लागलो. थोड्या वेळाने बघितलं तर दादाचे डोळे मिटलेले होते.