पानसे, विरोधी पक्ष आणि साडेसहा आटे

श्रीनिवास पानसे मला प्रथम भेटले तेव्हा त्यांनी माझा सामानाचा टेम्पो बिबवेवाडीतल्या आमच्या नवयुग सोसायटीच्या फाटकात तब्बल दोन युगं अडवून धरला होता. त्या काळात डोंगर झिजले, टेम्पोवाला म्हातारा झाला, माझ्या बायकोने कुंडीत लावलेल्या तुळशीला मंजिऱ्या आल्या. अखेर पानशांनी चष्म्यावरून पाहत एकच प्रश्न विचारला, "आपल्याकडे बादल्या किती?"

"चार."

"जास्त आहेत," असं म्हणून त्यांनी फाटक उघडलं.

सोसायटीचं पाणी पानसे सोडत. मुख्य व्हॉल्व्हची हातभर लांब लोखंडी चावी त्यांच्या देवघरात, देवांच्या अंमळ वरच्या फळीवर असे. अठरा वर्षं रोज पहाटे साडेपाचला ते खाली उतरत, व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी वाकत आणि ओठांत पुटपुटत चावीचे आटे मोजत. किती आटे, हे पत्नी द्वारकाबाईंनाही ठाऊक नव्हतं.

दोन हजार चार साली निवडणूक झाली. एकीकडे परंपरा पॅनल, म्हणजे पानसे आणि मावळते अध्यक्ष जयसिंगराव. दुसरीकडे आयटीवाल्या तरुण बिऱ्हाडांचं प्रगती पॅनल. त्यांच्या नम्रता वानखेडे, सी विंग, चौथा मजला, मूळच्या अकोल्याच्या, अध्यक्ष म्हणून निवडून आल्या. पाणी यंत्राने सोडू, हे त्यांचं पहिलं आश्वासन.

संध्याकाळी पानशांच्या हॉलमध्ये पराभूतांची बैठक बसली. मी तिथे पोह्यांपुरता तटस्थ होतो.

"बहिष्कार!" जयसिंगराव गरजले. "तिची एकही नोटीस वाचायची नाही."

"ती ईमेलने पाठवणार आहे," मी म्हणालो. "तशीही तुम्हाला वाचता येणार नाही."

"मग पानसे, उद्या तुमची कंबर दुखू द्या. पहिल्याच दिवशी नळ कोरडे. कळू दे अध्यक्षीणबाईंना!"

पानसे पोह्यांतले शेंगदाणे मोजू लागले. चावी दिली तर अठरा वर्षांचा मान जाणार, आणि न दिली तर बेचाळीस घरांचं पाणी. आतून द्वारकाबाई म्हणाल्या, "अहो, नळ आपलाही कोरडा पडेल. आणि कंबर दुखली तर बाम मी चोळणार नाही."

पहाटे पानसे खाली उतरले तर व्हॉल्व्हपाशी नम्रताबाई वही घेऊन उभ्या!

"काका, मला शिकवाल?"

"मी तुमच्या विरोधात मत दिलंय."

"माहीत आहे. माझ्या दारात येऊन सांगून गेला होतात."

"तेव्हा चहा दिलात आपण. साखर जास्त होती." पानशांनी चावी व्हॉल्व्हवर बसवली. "साडेसहा आटे उघडायचा, मग अर्धा परत. तो अर्धा विसरलात तर सगळं पाणी ए विंगला जातं आणि तुमच्या चौथ्या मजल्यावर नुसती हवा येते. लिहा."

जयसिंगराव महिनाभर पानशांशी बोलले नाहीत. "फितूर झालात!" एवढंच एकदा म्हणाले.

"विरोध सभेत करायचा," पानसे म्हणाले. "खड्ड्यात उतरून नाही."

आणि सभेत त्यांनी तो असा केला की बाईंनी खुर्ची पुढे ओढली तरी हे हरकत घेत. पाण्याच्या यंत्रावर त्यांनी एकवीस लेखी हरकती दिल्या. पैकी अठरा निव्वळ खवचट होत्या. उरलेल्या तीन नम्रताबाईंनी ऑफिसातून आल्यावर जिन्यात बसून त्यांच्याकडून समजावून घेतल्या आणि यंत्राचा आराखडा बदलला. यंत्र बसलं तेव्हा चौथ्या मजल्यावर पहिल्यांदाच दुपारी पाणी आलं. पानशांनी चावी सोसायटीच्या कपाटात जमा केली आणि पोच मागितली. ती नम्रताबाईंनी स्वतः लिहून दिली, तर तिच्यावर तारीख नाही म्हणून पानशांनी परत पाठवली.

दोन हजार नऊच्या निवडणुकीत जयसिंगराव पुन्हा उभे राहिले. सकाळी पानसे आणि नम्रताबाई एकाच बाकावर चहा पीत बसले होते. साखर बेताची होती. मग पानसे उठून मत देऊन आले.

नम्रता वानखेडे एका मताने पडल्या.