डिकीतला दोर

माझ्या धाकट्या बहिणीला किळस फार. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी ती पीत नाही, लॉजवरची उशी उलटी करून तिच्यावर स्वतःचा टॉवेल पसरते, आणि दूध नासणार हे तिला आदल्या दिवशीच वासावरून कळतं. आई म्हणायची, हिला घडवताना देवाने आधी नाक केलं आणि उरलेल्या मातीत बाकीचं उरकलं. अशी ही बाई ऐन तारुण्यापासून साठी जवळ येईपर्यंत डोंगर चढत राहिली. तिथे आठवडाभर आंघोळ नसते आणि तंबूत चौघांचे ओले मोजे डोक्यावर लोंबत असतात. मी एकदा तिला विचारलंच, की हे तुला कसं चालतं. म्हणाली, "वरच्या बर्फाला वास नसतो, ताई. तिथवर पोचेपर्यंत काय तो छळ."

तिचा दोराचा जोडीदार एक दातांचा डॉक्टर आहे. अंगाने थोराड, छातीपर्यंत दाढी, म्हणून सगळे त्याला अस्वल म्हणतात. त्याचे पेशंटही म्हणतात, तोंडातून त्याचे हात निघाल्यावर. दोघं इतकी वर्षं एकाच दोराच्या दोन टोकांना बांधून घेत आली, की धाकटीचा नवरा पाहुण्यांना सांगतो, "लग्नाची गाठ माझ्याशी आहे, पण ती तपासून बघते त्या अस्वलाची."

या दोघांची एक घळ चढायची राहिली होती. डोंगराच्या उत्तरेच्या अंगाला, दोन कड्यांच्या बेचक्यात, उभी आणि अरुंद. ती चढायची तर आधी वरचा बर्फ वितळून पाणी खाली झिरपायला हवं आणि मग लगेच कडाका पडायला हवा, तरच तळापासून माथ्यापर्यंत सलग बर्फ धरतो. मधे खंड पडला तर नुसता भुसभुशीत खडक, त्यात कुऱ्हाड रुतत नाही आणि बुटाचे काटेही धरत नाहीत. शिवाय माथ्यावर ऊन आलं की गोठून बसलेले दगड सुटतात आणि सगळे त्याच घळीतून खाली येतात. म्हणून अंधारात निघायचं आणि ऊन यायच्या आत वरून बाहेर पडायचं. गेले बरेच हिवाळे उबदार गेले, घळ धरलीच नाही. यंदा धरली. आणि यंदाच धाकटीच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, त्यानंतर चालायचं, चढायचं नाही.

त्याच सुमाराला तिच्या घराला रंग लावायचं काम निघालं. दोर एरवी तिच्या पलंगाखाली असतो. रंगाच्या वाफा दोराला नकोत म्हणून तिने तो कापडी पिशवीत घालून अस्वलाकडे ठेवायला दिला. म्हणजे जे झालं ते दोराची काळजी घेताना झालं.

मी पायथ्याच्या गावापर्यंत त्यांच्यासोबत गेले. लॉजच्या बेसिनमध्ये कुणाचे तरी केस होते, भिंतीवर गेल्या उन्हाळ्यात चिरडलेले डास, आणि गादीवर एक डाग, ज्याच्याकडे धाकटीने मला बघू दिलं नाही. दुपारी आम्ही घळ जवळून बघायला वर गेलो, तर वाटेवर प्रत्येक मोठ्या दगडाआड ओल्या कागदाचे बोळे, आणि बोळ्यांखाली जे असणार ते. "माणसं इथे स्वच्छ हवा घ्यायला येतात आणि बदल्यात हे देऊन जातात," ती म्हणाली आणि नाकाला रुमाल लावून पुढे झाली. खिंडीपाशी पोचल्यावर तिने दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं.

"सलग आहे," तिने सांगितलं. अस्वलाने दुर्बीण घेतली, घळ पाहिली, आणि तिच्या पाठीवर थाप मारली. वाऱ्याची दिशा परवा बदलून ऊब येणार होती. म्हणजे उद्याची सकाळ, नाहीतर नाही.

संध्याकाळी अस्वलाने सामान खोलीत आणून ओतलं. धाकटीने दोर बाहेर काढला आणि दर वेळेसारखा हातातून सरकवत तपासायला घेतला. अर्ध्यावर थांबली. दोर नाकाशी नेला.

"अस्वला, हा कुठे होता?"

"डिकीत. का?"

"डिकीत आणखी काय आहे?"

"स्टेपनी, जॅक, बुटांची पिशवी. आणि ती जुनी बॅटरी."

"कसली बॅटरी?"

"गाडीचीच गं. नवीन बसवली ना मधे. जुनी भंगारात द्यायचीय, राहून जातंय."

ती जिना उतरून गाडीशी गेली, मागोमाग आम्ही. बॅटरीच्या कडेला पांढरट हिरवी बुरशीसारखी खपली धरली होती. धाकटीने तिच्याखालचा गालिचा चिमटीत धरला, तर तो बिस्किटासारखा चुरला.

"दोर पिशवीत होता," अस्वल म्हणालं. "पिशवीला तर काही झालेलं नाही."

"पिशवी बॅटरीला लागून होती?"

"आता आठवत नाही."

"आठवत नाही," ती म्हणाली, जिभेवर काहीतरी कडू आल्यासारखं.

मला तिने नंतर समजावलं. बॅटरीच्या ॲसिडने दोर आतून कुजतो, नुसत्या वाफेनेही. रंग तोच, हाताने ओढला तर पक्का वाटतो, आणि माणूस पडला की सुतासारखा तुटतो.

लॉजच्या खाली भाड्याने सामान देणारं दुकान होतं. तिथली हेल्मेटं घामाने आतून काळी पडली होती. दुकानदाराने पुढे केलेल्या दोराला सगळीकडून केसाळ पिसारा फुटला होता.

"यावर किती जण पडलेत?" धाकटीने विचारलं.

"बाई, एकही तक्रार आलेली नाही अजून."

"पडणारा तक्रार करायला येत नाही," ती म्हणाली आणि रुमालाला हात पुसत बाहेर आली.

मग मी तिला पहिल्यांदा घासाघीस करताना पाहिलं, आणि तीही स्वतःशी. गार पाण्याने तोंड धुऊन आली, पुन्हा वास घेतला. खिडकी उघडून घेतला. दुसऱ्या टोकाचा घेतला. शेवटी दोर अस्वलापुढे धरला. "तुला येतो का वास?"

"मी दिवसभर लोकांच्या तोंडात वाकलेला असतो. माझं नाक कधीच कामातून गेलंय." त्याने दाढी खाजवली. "हे बघ, आपण काही पडणार नाही. मी बांधून घ्यायला तयार आहे."

"तू तयार आहेस, त्याचीच मला शिसारी येतेय. माझाही जीव तुझ्या हातात असतो, आणि तू तो डिकीत टाकून महिनाभर विसरतोस."

अस्वल एवढं मोठं, पण पलंगाच्या कडेवर अगदी लहान होऊन बसलं. तिने चाकू काढला आणि दोराचे तुकडे करायला सुरुवात केली. मी म्हटलं, "अगं, राहू दे ना, घरी नेऊन काय ते बघ."

"अख्खा ठेवला तर पहाटे मीच स्वतःला पटवीन, ताई," ती म्हणाली. तुकडे सारखे पडत होते.

सकाळ स्वच्छ उजाडली. घळ वरपासून खालपर्यंत निळसर गोठलेली होती, आणि माथ्यावर ऊन येऊन बराच वेळ झाला तरी एक दगड सुटला नाही. धाकटी दुर्बीण घेऊन अंगणात उभी राहून कुठे उजवीकडे सरकायचं, कुठे थांबून खुंटी ठोकायची, ते मला सांगत राहिली. सांगता सांगता माथ्याशी पोचली तेव्हा ती थांबली आणि दुर्बिणीची काच पुसायला लागली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिला आवडलं नसतं.

परतताना त्या गाडीत पाऊल ठेवायला तिने साफ नकार दिला. आम्ही बसने निघालो. बसच्या सीटवरही तिने टॉवेल पसरला. घाटाखाली चहासाठी बस थांबली, तर टपरीपाशी अस्वल आधीच हजर, हातात दोन कागदी कप. एक त्याने माझ्या हातात दिला आणि दुसरा तिच्यापुढे धरला. तिने घेतला, घोट घेतला.

"पाक आहे नुसता."

"बॅटरी टाकून दिली," अस्वल हळूच म्हणालं.

"कुठे टाकलीस?"

अस्वल आजूबाजूला बघायला लागलं.

"कुठे टाकलीस, विचारते मी."

"मागच्या वळणावर. खाली."

"खाली म्हणजे ओढ्यात?"

"ओढ्याच्या बरंच वर. झुडपात अडकली असेल."

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. वर्षानुवर्षं एखाद्याच्या दोन्ही बाजू बघून झालेली माणसंच त्याच्याकडे तसं बघू शकतात. मग कप टोपल्यात टाकून ती बसमधून पिशवी उतरवून घेऊन आली.

"ताई, तू हो पुढे. रंगारी येईल, त्याला दार उघड." आणि अस्वलाकडे वळून म्हणाली, "चल. ती उचलून आणायची. तू खाली उतरशील, मी वरून सांगेन. हातमोजे आहेत का, की तेही डिकीत?"

"हातमोजे खिशात आहेत, बाई."

ती त्याच्या गाडीचं पुढचं दार उघडून बसली आणि लगेच काच खाली केली, मग हात लांबवून मागच्याही दोन्ही केल्या. बस हलली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. तसल्या कडाक्यात सगळ्या काचा उघड्या टाकून ती गाडी पुन्हा घाट चढायला लागली होती, आणि आतून तिचं बोलणं चालूच होतं.