काढून टाकलेलं वाक्य

माझ्या धाकट्या बहिणीबद्दल आमच्या नात्यात एक गोष्ट आता ठरून गेली आहे. ती हट्टी होती, तिने दुखणं अंगावर काढलं, कुणाचं ऐकलं नाही आणि गेली. तिचा मुलगा असंच सांगतो, शेजारणी असंच सांगतात, आणि त्यांचं ऐकून मी मान हलवत आलो. माझी पंचाहत्तरी उलटली आहे. ती हट्टी नव्हती हे ठाऊक असलेला माणूस मी एकटाच आहे, म्हणून हे लिहितो.

सरकारी कचेरीत माझं काम इंग्रजी परिपत्रकं मराठीत आणण्याचं होतं. निवृत्तीनंतर काही वर्षांनी बायको गेली आणि कर्वेनगरच्या घरातले दिवस फार लांब वाटू लागले. आमच्या सोसायटीतली एक मुलगी झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत छोटी कंपनी चालवायची. नेटवर कुणी काही शोधलं की आपल्या गिऱ्हाइकाची वेबसाइट सगळ्यांच्या वर दिसावी, यासाठी लागेल ते करणं हा तिचा धंदा. एकदा लिफ्टमध्ये ती म्हणाली, "काका, लोक आता मराठीत सर्च करतात आणि धड मराठी लिहिणारं कुणी मिळत नाही. आमच्या पोरांचा लेख वाचून क्लायंटने विचारलं, हे भाषांतर वैऱ्याने केलंय का?"

मी जायला लागलो. काम मला लगेच जमलं, कारण त्यात मुख्य गोष्ट एकच होती: त्रास होत असलेला माणूस फोनवर नेमके कोणते शब्द टाइप करील हे ओळखायचं. तरुण मुलांना 'अपचन' सुचायचं. मला 'पोट डब्ब झालंय', 'घशाशी आंबट येतंय', 'छातीत जळजळतंय' हे सुचायचं. ते शब्द मथळ्यात घालायचे, पहिल्या परिच्छेदात पुन्हा आणायचे, मधल्या शीर्षकांत पेरायचे आणि तरी लेख सहज वाटला पाहिजे. मुलगी म्हणायची, "काका, तुम्ही मनातलं ओळखता लोकांच्या." उभ्या नोकरीत माझ्या मराठीला कुणी इतकं चांगलं म्हटलं नव्हतं.

बहिणीला मी हे नीट सांगितलं नव्हतं. ती विश्रांतवाडीला एकटी राहायची. शाळेत शिक्षिका होती, निवृत्त झाली होती. आमचे वडील कारखान्यात कामगार. धम्म स्वीकारल्यावर त्यांनी घरातले गंडेदोरे स्वतःच्या हाताने काढले आणि आम्हा दोघांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: कुणी म्हणतंय म्हणून मानू नका, वाचा, कारण विचारा, मग माना. मी ते ऐकलं. बहिणीने ते अंगी लावून घेतलं. शेजारीण काढा घेऊन आली की ही विचारायची, "यात काय आहे, आणि ते पोटात जाऊन काय करतं?" शेजारीण काढा परत घेऊन जायची. मी लेख लिहितो एवढं तिला माहीत होतं. कशावर म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "आरोग्यविषयक." ती म्हणाली, "चूर्णवाल्यांच्या जाहिराती तर लिहीत नाहीस ना, दादा? बापाने त्यासाठी नव्हतं शिकवलं." मी हसण्यावारी नेलं. त्या वेळी आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक चूर्णवालाच होता. मार्केट यार्डाजवळ त्याचं गोदाम होतं.

त्याच्यासाठी मी छातीतल्या जळजळीवर लेख लिहिला. लिहिण्याआधी सोसायटीतल्या डॉक्टरांना विचारून घेतलं आणि त्यांचं म्हणणं अगदी वर, दुसऱ्या परिच्छेदात घातलं: 'जळजळीबरोबर जबडा, खांदा किंवा हात दुखत असेल, घाम फुटत असेल, तर हे पित्त आहे असं समजू नका, ताबडतोब हृदयाची तपासणी करा.' लेख हळूहळू वर चढला आणि सर्चच्या पहिल्या पानाच्या तळाशी येऊन अडकला.

मुलीने मला स्क्रीन दाखवली. "काका, लोक इथपर्यंत वाचतात आणि निघून जातात. या वाक्याला घाबरतात. लोक पटकन बाहेर पडले की पान खाली जातं."

"घाबरलेच पाहिजेत ना," मी म्हणालो.

"हो, पण ते चूर्णापर्यंत पोचतच नाहीत. क्लायंट म्हणतोय, खाली तरी न्या."

मी वाक्य खाली नेलं. काही दिवसांनी ती म्हणाली की तिथूनही लोक बाहेर पडतात. तिने ते काढायला सांगितलं नाही. "बघा तुम्हीच," एवढंच म्हणाली. मी बघितलं. ते वाक्य निवडलं आणि पुसून टाकलं. त्या जागी लिहिलं, 'बहुतेक वेळा घाबरण्याचं काही कारण नसतं.' वाक्य खोटं नव्हतं. चूर्ण खपावं अशी माझी काही तळमळ नव्हती. मला माझा लेख पहिला आलेला बघायचा होता. पुढे तो पहिला आला, आणि त्या दिवशी मी सगळ्यांसाठी बाकरवडी घेऊन गेलो.

मग एका रविवारी बहिणीकडे गेलो. मनपाच्या स्टॉपवर बस बदलून पोचेपर्यंत दुपार झाली होती. तिने दार उघडलं तेव्हा ती थकलेली दिसली. म्हणाली, "ये. आज जेवायला साधी खिचडी आहे, पित्ताने जीव नकोसा केलाय." चार दिवस छातीत जळजळत होतं.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"वाचलंय मी." तिने चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि मोठ्याने वाचायला लागली. पहिल्या ओळीला मी ओळखलं. माझीच होती. 'घशाशी आंबट येतंय' होतं, थंड दूध होतं, डाव्या कुशीवर झोपणं होतं. वर्गात धडा वाचावा तशी ती स्वल्पविरामाला थांबत वाचत होती.

"बाकीच्या ठिकाणी नुसता कचरा असतो," ती म्हणाली. "हे बघ कसं लिहिलंय. प्रत्येक गोष्टीचं कारण दिलंय. शहाणा माणूस दिसतो कुणीतरी. आणि स्पष्ट म्हणतोय, घाबरण्याचं कारण नसतं."

मी विचारलं, "आणखी काही होतंय का?"

"दाढ ठणकतेय खालची. त्याचा काय संबंध?"

संबंध मला ठाऊक होता. तो मी लिहिला होता. मी म्हणालो, "तरी एकदा दाखवून ये. उद्याच जा."

"का?"

वडिलांनी शिकवलेला प्रश्न तिने मला विचारला. तिला कारण हवं होतं. कारण दिलं असतं तर ती उठून रिक्षात बसली असती, याविषयी मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण दाढेचा संबंध सांगितला की तिचा पुढचा प्रश्न येणार होता: मग यात तसं का लिहिलेलं नाही? मी म्हणालो, "आपलं वय झालं आता, म्हणून."

"वय तर रोजच होतंय," ती म्हणाली आणि खिचडी वाढायला उठली. जेवताना मी ठरवलं की घरी पोचून फोनवर सांगू. फोनवर तिचा चेहरा दिसला नसता. घरी पोचल्यावर वाटलं, आता ती झोपली असेल, सकाळी सांगू.

सकाळी फोन तिच्या मुलाचा आला. दुधाची पिशवी दाराबाहेर तशीच राहिली म्हणून शेजारणीने बेल वाजवली होती.

पुण्यानुमोदनाला तिच्या घरात माणसं मावत नव्हती. तिचे जुने विद्यार्थीही आले होते. भंतेजींच्या मागून आम्ही सगळ्यांनी पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तेही मी इतरांच्या आवाजात आवाज मिसळून म्हटलं. नंतर भाचा माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "मामा, तुम्ही आदल्या दिवशी सांगितलं होतं ना तिला? शेजारच्या काकूंना ती संध्याकाळी म्हणाली होती. पण आई कुणाचं ऐकते का? हट्टीच होती." त्याने माझा हात हातात घेतला. तो माझं सांत्वन करत होता. मी म्हणालो, "हो रे."

त्यानंतर मी झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत गेलो आणि मुलीला सगळं सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, "काका, पान क्लायंटचं आहे. मी सांगून बघते, पण त्यांचं सगळ्यात जास्त चालणारं पान आहे ते." मी स्वतः गोदामात गेलो. चूर्णवाल्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि शांतपणे ऐकून घेतलं. "साहेब, वाईट झालं," तो म्हणाला. "पण पानाच्या शेवटी आम्ही टाकलंय की, वैद्यकीय सल्ला घ्यावा म्हणून." टाकलं होतं खरं. बारीक अक्षरात, चूर्णाच्या डब्यांच्या फोटोखाली. तिथवर माझी बहीण गेली नसणार. तिला हवं होतं ते उत्तर तिला वरच मिळालं होतं.

मग मी स्वतःचा ब्लॉग काढला. तेच वाक्य पहिल्या ओळीत ठेवलं आणि ज्या युक्त्या शिकलो होतो त्या सगळ्या वापरल्या. तो लेख कुठे आहे हे शोधायला मलाच इतकं खाली जावं लागतं की वाटेत बोट दुखतं. दरम्यान माझ्या जुन्या लेखाची नक्कल इतरांनी केली आहे. माझी 'डब्ब पोटं' आणि माझं 'घाबरण्याचं काही कारण नसतं' आता कुठल्या कुठल्या पानांवर आहे. ती पानं कुणाची आहेत हेही कळत नाही. मग कुणाकुणाच्या गोदामात जाणार?

हे लिहून झालं की भाच्याला देणार आहे. तो माझ्याशी बोलेल की नाही, माहीत नाही. आईला त्याने हट्टी म्हणू नये. तिने विचारलं होतं. तिला उत्तर मिळालं नाही.

रोज सकाळी चहा झाला की मी फोनवर तिच्या शब्दांत तोच प्रश्न टाइप करतो. लेख अजून पहिलाच येतो. ते वाक्य कुणी परत घातलं असेल, या आशेने मी तो उघडतो आणि शेवटपर्यंत सावकाश वाचतो. परवा जिन्यात मुलगी भेटली तेव्हा तिला हे सांगितलं.

"काका, रोज उघडू नका," ती म्हणाली. "कुणी इतका वेळ थांबून वाचतंय म्हटल्यावर सर्चच्या मशीनला वाटतं, याला हवं ते मिळालं. त्यानेही पान वर राहतं."

आज सकाळी मी ते पुन्हा उघडलं.