मापांची फाइल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — सांगितलंय. लग्नात, बारशात, जावळात, सात-आठ वर्षांत वीसेक वेळा तरी. पण दरवेळी खोटं. आमच्या घरात चार पाहुणे जमले की गोष्ट सांगायला खुर्ची मला देतात, आणि खुर्ची मिळाली की माझी जीभ सुटते. खरी गोष्ट पहिल्यांदा तुम्हीच ऐकताय.

आधी सुमनचं सांगतो. सुमन माझी बायको, चकलांब्यात ब्लाउज शिवते. गावातल्या कितीतरी बाया दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि परततात त्या ऐन लग्नसराईत. म्हणून जाण्याआधी कापड देऊन ठेवतात, मापं सुमन लॅपटॉपात लिहिते. छाती, खांदा, बाही — आणि पुढं तिच्या खास नोंदी. ‘हिला खोल गळा चालत नाही.’ ‘ही सासूसमोर लांब बाही सांगते, मागून फोन करून आखूड.’ आता सांगा, अशी फाइल पुन्हा कुठून आणायची?

त्या वर्षी लॅपटॉप कटकट वाजायला लागला. बीडला बसस्टँडजवळ मन्मथचं दुरुस्तीचं दुकान. सुमननं फोन लावला तर तो म्हणाला, “वैनी, जुन्या डिस्कमधली चकती फिरती, ती झिजलीय. एसएसडी टाकू, तिच्यात फिरणारं कायच न्हाई. पण आता चालू करू नका. तसाच आणून द्या, मी सगळं उतरून घेतो.”

साधं काम होतं. नेऊन द्यायचं. मग मी का नाही दिलं? कारण मी मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले होते. तीन पाहिले की माणसाला वाटतं, त्यात काय एवढं.

कार्तिक पौर्णिमेला सुमन गल्लीतल्या बायांबरोबर कपिलधारच्या यात्रेला गेली. शाळेला सुट्टी, आणि मी शाळेचा क्लार्क — किल्ली माझ्याकडंच. नवी एसएसडी मी परस्पर मागवून ठेवलेली. ऑफिसातल्या कॉम्प्युटरला दोन्ही डिस्क जोडल्या. एक भरलेली, एक कोरी. पडद्यावर दोन चौकटी: कुठून घ्यायचं, कुठं टाकायचं. खाली लाल अक्षरांत विचारलं होतं, तिथलं सगळं पुसलं जाईल, नक्की ना? घरी मला कुणी ‘नक्की ना’ विचारत नाही. मी रुबाबात ‘हो’ दाबलं.

चौकटी उलट्या भरल्या होत्या.

कोऱ्या डिस्कवरचं कोरेपण मी भरलेल्या डिस्कवर उतरवलं. कळलं तेव्हा — काय केलं असेल मी? जुनी डिस्क परत लॅपटॉपात बसवली. एक स्क्रू टेबलाखाली गेला तो गेलाच. नवी कपाटात लपवली. सुमन प्रसाद घेऊन आली तेव्हा म्हणालो, उद्या मन्मथकडं देऊन टाकू. ती म्हणाली, “शहाणपण सुचलं म्हणायचं.”

लॅपटॉप दिला, दोन दिवसांनी आम्ही दोघं आणायला गेलो. मन्मथ म्हणाला, “वैनी, डिस्क कोरी हाय.”

“कोरी कशी? भरलेली दिली होती आमी,” सुमन म्हणाली.

तो माझ्याकडं बघायला लागला. इथं तरी बोलायचं ना? बोललो की. म्हणालो, “मन्मथ, तू उलटं केलं का बे? कोऱ्यावरून भरलेल्यावर?”

त्याला तेवढ्यात सगळं कळलं. त्यानं असलं काही म्हटलंच नव्हतं. मला कुठून माहीत? लॅपटॉप उघडताना स्क्रूची रिकामी जागाही त्यानं पाहिली असणार. त्यानं सुमनकडं पाहिलं, ती काउंटरला धरून उभी होती. मग माझ्याकडं. खाली मान घालून म्हणाला, “झालं असंल वैनी माझ्याकडूनच.”

आणि मी? मान हलवली, मोठ्या मनानं माफ केल्यासारखी.

सुमननं साखर कारखान्यावर गेलेल्या एकेकीला फोन लावले. त्या पालात बसून दोरीनं एकमेकींची मापं घ्यायच्या, वितीत सांगायच्या, सुमन त्यावरच शिवायची. चैत्रात परत आल्या, तर कुणाची बाही चढेना, कुणाचा खांदा उतरे. सुमन महिनाभर उसवत होती. प्रत्येकीला सांगत होती, मन्मथकडं काही देऊ नका. चकलांब्यातून त्याच्याकडं जाणं बंद झालं.

मी मात्र त्याची गोष्ट केली. कोऱ्यावरून भरलेल्यावर उतरवणारा कारागीर! त्याचा आवाज काढायचो, मान खाली घालायचो, शेवटच्या वाक्याआधी थांबायचो. लोक पोट धरून हसायचे.

गेल्या उन्हाळ्यात बीडला पुतणीचा साखरपुडा होता. जेवणं झाली, खुर्ची आली, “काका, ती लॅपटॉपची होऊन जाऊ द्या.” मी सुरू केलं. अर्ध्यात दिसलं — मांडवाच्या कडेला, व्हिडिओच्या पडद्याची वायर गुंडाळत मन्मथ उभा होता. आता कॅमेऱ्याची, पडद्याची कामं करतो म्हणे.

थांबता आलं असतं. थांबलो नाही. शेवटच्या वाक्याआधी सवयीनं थांबलो तेवढा.

तेव्हा तोच बोलला, वायर हातात धरून, हसत: “झालं असंल वैनी माझ्याकडूनच.”

सगळा मांडव हसला. सुमन डोळे पुसून पुसून हसली. सगळ्यांत मोठ्यांदा मी हसलो.