शेजारची निरोगी मुलगी

आकडी किती जणांना येते आणि कशामुळे येते, याचा अभ्यास करायला बायांची एक तुकडी पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत घरोघर फिरत होती. आमच्या दारात आईने सांगून टाकलं, "आमच्यात कुणाला काय नाय हो." मला शाळेत असल्यापासून आकडी येते, महाडच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. पण पाचाडच्या एका खानावळवाल्याच्या मुलाशी माझं लग्न ठरत आलं होतं आणि आईने आजवर वाडीला वाससुद्धा लागू दिला नव्हता.

मला काय अवदसा आठवली! वाटेत त्यांच्यातल्या एका बाईला गाठून मी खरं सांगितलं. माझ्यामुळे कुणाचं भलं होत असेल तर होऊ दे, म्हटलं. बाई गोड बोलली, "तुझं नाव बाहेर जाणार नाही." मग लहानपणचा ताप, डोक्याला लागलेला मार, सगळं विचारून घेतलं.

नाव नाहीच गेलं बाहेर. फक्त दुसऱ्या दिवशी त्या बाया शेजारच्या काकीकडे गेल्या. तुलनेला त्याच वयाची, त्याच वाडीतली निरोगी मुलगी लागते म्हणे. काकीला तसं समजावूनही सांगितलं, आकडीवाल्या एका मुलीच्या जोडीला तुमची निवडलीय. वाडीत त्या वयाच्या पोरी दोनच, तिची आणि मी. काकी काय दूधखुळी आहे? "अगो बाय, म्हंजे हिला हाय व्हय!" ते पाचाडला पोचायला कितीसा वेळ? मुलाच्या चुलत्याचा फोन आला, पोरगा इतक्यात लग्न नाय म्हणतो.

आणि इतक्यात नको म्हणणाऱ्याची वरात त्याच वर्षी शेजारच्या दारात आली. काकीने ठसक्यात सांगितलं होतं, "आमच्या पोरीला डॉक्टरलोकांनी पारखलीय, काय नाय तिला." माझ्या अंगाची नुसती आग आग झाली.

परवा तीच बाई पुन्हा आली. माझं विचारून झाल्यावर म्हणाली, "शेजारची मुलगी दिसत नाही? तिलाही विचारायचंय."

"पाचाडला दिलीय. रस्त्याला लागूनच खानावळ आहे, मागे घर, दारात फणस."

"तुला बरं माहीत!"

"मला द्यायचं ठरलं होतं ते घर. तुम्ही तिला दिलंत."

बाईने मान खाली घातली. पत्ता मात्र नीट लिहून घेतला.