उतरलेलं कार्ड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. भाचीसाठी दिलेली वस्तू मी ठेवून घेतली आणि तिला सांगितलं, जळकी निघाली.

वस्तू म्हणजे ग्राफिक्स कार्ड. कॉम्प्युटरच्या डब्यात बसतं. पडद्यावरची चित्रं तेच हलवतं. काळं, दोन पंख्यांचं, वीतभर लांब. ते मला दादाने दिलं. दादा म्हणजे भाऊ नव्हे, गावातल्या मोठ्या घरातला. कसं दिलं, ते आधी सांगतो.

दादाचं आमच्या गावात, श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात, पशुखाद्याचं दुकान. दुकानामागे घर, घरामागे पेंडीची खोली. वरच्या मजल्यावर एसी लावून त्याने खेळायची खोली केलेली. मी सेहेचाळीस वर्षांचा. तो माझ्याहून पुष्कळ लहान. तरी तो दादा, आणि मी 'काय रे'. श्रीरामपूरच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅबचा सहायक आहे. तिथली मुलं मला सर म्हणतात. गावात उतरलो की पुन्हा 'काय रे'.

त्या दिवशी मी दुकानात पुढून गेलो. गिऱ्हाईक होतं. दादाचा मित्र, वकील, गल्ल्याजवळ खुर्ची टाकून बसला होता. दादाने मान वर न करता सांगितलं, "मागनं ये."

मागनं गेलो. पेंडीच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. थोड्या वेळाने दोघंही आले. दादाने कार्ड आणलं होतं. मी हात पुढे केला. त्याने ते सरकीच्या पोत्यावर ठेवलं.

"नवं बसवलं मी. हे उतरलेलं हाय. तुझ्या भाचीला दे."

"दादा, माझंही बंद पडलंय."

"तुला काय करायचंय? खेळती ती. खेळात तू नुसता पोती वाहतो आमची."

वकील हसला. म्हणाला, "दान सत्पात्री पडावं, एवढंच."

मी 'व्हय दादा' म्हणालो. पोत्यावरचं कार्ड उचललं, पिशवीत घातलं. सरकीची पूड बोटांना लागली ती पँटला पुसली.

आता खेळाचं सांगतो. आमची टोळी चौघांची. ऑनलाइन लढाईचा खेळ. एकजण पुढे घुसतो, एकजण दुरून नेम धरतो, एकजण दारूगोळा पुरवतो, आणि कुठे वळायचं ते कॅप्टन सांगतो. लॅब बंद झाली की मी घरी येऊन बसायचो. माझं यंत्र लॅबने मोडीत काढलेल्या तीन डब्यांतून जुळवलेलं. दादाच्या पडद्यावर वाऱ्याने गवताचं पातं न् पातं हलायचं. माझ्या पडद्यावर गवत म्हणजे हिरवा डाग. डाग तर डाग. त्या खेळात आडनाव नव्हतं. कुणी विचारत नव्हतं, कोणत्या वस्तीतला, कुणाचा. तिथली माणसं मला कॅप्टन म्हणायची. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकून कुणीतरी डावीकडे वळत होतं.

मग दादाने यंत्र घेतलं. जुळवायला मलाच बोलावलं. खेळ कोणता चांगला, तेही मलाच विचारलं. मी सांगितलं. ती माझी चूक. तो आमच्यात आला आणि महिन्याभरात तिथेही 'काय रे' सुरू झालं. कॅप्टन कोण, हे कुणी ठरवलं नाही. दादाचा आवाज मोठा होता, बस. माझ्याकडे दारूगोळा वाहणं आलं.

आणि शीतल. माझ्या बहिणीची मुलगी, जामखेडला असते. झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते. मोडीतलं असंच एक यंत्र मी तिच्यासाठी जुळवलं, एसटीत मांडीवर घेऊन जामखेडला नेलं. कीबोर्डवर बोटं कुठे ठेवायची, तेही मीच शिकवलं. वर्षभरात ती माझ्यापुढे गेली. दुरून नेम धरायचं काम तिचं. टोळी खेळ सुरू करायच्या आधी विचारायची, "शीतल आली का?" मी आलो का, हे कुणी विचारत नव्हतं.

दादाचा हेवा वाटायचा, त्याची मला लाज नाही. त्याच्या गवताचा, एसीचा, खुर्चीचा हेवा. तो वाटणारच. पण जिला मी शिकवलं, जी मला मामा म्हणते, तिचा हेवा माझ्या पोटात बसला. तिने नेम मारला की मी माइकवर म्हणायचो, "वा गं पोरी." आणि मनात म्हणायचो, चुकव. एकदा तरी चुकव.

पुढे खेळ चालवणाऱ्या कंपनीने सूचना लावली. नवी आवृत्ती येतेय, जुनी ग्राफिक्स कार्डं त्यावर चालणार नाहीत. कार्डांची नावं दिली होती. माझं होतं. शीतलचंही होतं. ठरलेल्या दिवशी खेळ उघडला तर पडद्यावर एक चौकट. तुमचं हार्डवेअर आता चालणार नाही. खाली एकच बटण, बाहेर पडा. ना भांडण, ना तंटा. दारावरून हाकलणाऱ्या माणसाने निदान तोंड तरी वाकडं केलं असतं.

शीतलचं नुकसान माझ्याहून मोठं होतं. पुण्यात मुलींची एक टीम होती. खेळायचा पगार देणारी. त्यांनी तिला चाचणी द्यायला सांगितलं होतं. घरूनच द्यायची, पण नव्या आवृत्तीवर. झेरॉक्सच्या दुकानाबाहेर पडायचं ते एकच दार होतं. दादाला हे माहीत होतं. मलाही.

पिशवी घेऊन घरी आलो. म्हटलं, एकदा लावून बघू, चालतंय का. लावलं. खेळ उघडला. पहिल्यांदा मला गवत दिसलं. वाकणारं, उठणारं, उन्हात पिवळं पडलेलं. मी नुसता गवतात उभा राहिलो. कुणीतरी मला गोळी घातली तेव्हा भानावर आलो.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. कार्ड मिळाल्याचं मीच वाटेत तिला कळवलं होतं.

"मामा, कार्ड कधी आणताय?"

"जळकं निघालं गं."

"जळकं तर जळकं, पाठवून द्या की. हितं एकजण दुरुस्त करतो."

"टाकून दिलं."

ती म्हणाली, "असू द्या. तुमी नका वाईट वाटून घेऊ, मामा."

चाचणीचा दिवस गेला. तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. टोळीत तिच्या जागी मी नेम धरू लागलो. निम्मे चुकायचे.

कार्ड तापलं की वास यायचा. पेंडीचा. दादाच्या खोलीत खालून उडणारी पूड पंख्यात, जाळीत बसलेली. अर्धा तास खेळलो की खोलीभर सरकी पेंडीचा वास. बायको म्हणायची, "गोठ्यात बसल्यावानी वाटतंय." पंखे साफ करणं माझ्या रोजच्या कामातलं. पण या कार्डाला मी ब्रश लावला नाही. वाटायचं, साफ करायला घेतलं की ते कुणाचं, हे ठरवावं लागेल.

दुकानाच्या गडबडीत दादा बरेच दिवस खेळायला आला नव्हता. एका संध्याकाळी तो माइकवर आला. वकीलही होता.

"काय रे, तू कसा नव्या आवृत्तीत? तुझं तर बंद पडलं हुतं."

मी बंदुकीत गोळ्या भरत राहिलो.

"पोरीला न्हाई दिलं ना?" तो हसायला लागला. "वकील, बोललो हुतो का न्हाई? हे म्हनत हुते, मामा हाय, देईल. मी म्हनलं, न्हाई देनार. म्हनून तर एकच दिलं. दुसरं पडलंय माझ्याकडं."

वकील म्हणाला, "हरलो बुवा."

कार्ड तापलेलं होतं. वास येत होता. आणि त्या वासात मला पेंडीच्या खोलीचं दार दिसलं.

दिवाळी झाली की आई त्याच दाराशी जायची. दादाची आजी वर्षभराचे उतरलेले कपडे पेंडीच्या खोलीत गाठोडं बांधून ठेवायची. गाठोडं ती हातात देत नसे. ओट्यावरून अंगणात सोडायची. आम्ही भावंडं तुटून पडायचो. एका सदऱ्याची एक बाही माझ्या हातात, दुसरी बहिणीच्या. मी तिला चावलो होतो एकदा. शीतलच्या आईला. ओट्यावर घरची सगळी माणसं उभी राहून बघायची. हसायची. आई म्हणायची, "आरं, घरी जाऊन वाटू की." घरी जाईपर्यंत कुणाला दम होता? सदऱ्याला पेंडीचा वास यायचा. दोन धुण्यांत जायचा नाही.

तेव्हा वाटायचं, ती माणसं कपडे देतात. त्या संध्याकाळी कळलं, ते गाठोडं नेहमी मुलांच्या मानाने लहान असायचं. देणं हा बहाणा. बघायचं होतं ते आमचं भांडण. आणि चाळीस वर्षांनी, शिकूनसवरून, सर म्हणवून घेऊन, मी पुन्हा तेच करून दाखवलं होतं. पुन्हा त्याच बहिणीच्या घरचं ओढलं होतं.

माइक बंद केला. यंत्र बंद केलं. कार्ड गरमच काढलं, बोट भाजलं.

सकाळी दुकानात गेलो. पुढून. गिऱ्हाईक होतं.

"मागनं ये," दादा म्हणाला.

"नाही. हातात घे."

त्याला माझं एकेरी बोलणं कळायला वेळ लागला. गिऱ्हाइकाला आधी कळलं. तो पोत्याचं तोंड बांधता बांधता थांबला.

"लई शाना झालास? पोरगी कशावर खेळल मग?"

"उतरलेल्यावर नाही खेळणार. हातात घे."

त्याने घेतलं. मी धरून ठेवलं होतं, त्याला हात लावावाच लागला. मी पुढूनच बाहेर पडलो. चौकापर्यंत ताठ चाललो.

चौकात पाय थांबले. कार्ड तिचं होतं. ठेवून घेताना मी तिला विचारलं नव्हतं, परत करतानाही नाही. माझा मान मी तिच्या वस्तूने विकत घेतला होता. बंड केलं म्हणून छाती फुगली होती, तीही उतरलेलीच.

तेव्हापासून मी खेळलेलो नाही. कॉलेज सुटल्यावर श्रीरामपुरात लोकांची यंत्रं दुरुस्त करतो. दादाच्या दुकानावरून जातो तेव्हा मान खाली जात नाही. जामखेडहून फोन आला की जाते.

येत्या रविवारी जामखेडला जातोय. बहिणीसमोर बसून शीतलला सांगणार, कार्ड चांगलं होतं. ते मी वापरलं. तुझा हेवा वाटला म्हणून. माफ कर, असं म्हणणार नाही. तसं म्हटलं तर पुन्हा तिच्याकडूनच काहीतरी घेतल्यासारखं होईल. ती बोलेल ते ऐकून घेईन. बोलली नाही तर तेही.

मी शीतलचं देणं लागतो. एक खरं वाक्य, ते रविवारी देतो. एक कार्ड, खोक्यातलं, सील न फोडलेलं, ते देईन तेव्हा तिच्या हातात देईन. आणि चाचणीचा तो एक दिवस. तो मला देता येणार नाही. तो माझ्या नावावर राहील.